कुंती फुटते, मोरपंखी फुटत नाही
गेल्या जूनमध्ये, मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर, पुण्यातल्या एका जुन्या बंगल्यात कामाला गेलो. "कुंपण जरा कमी करायचंय," एवढंच काकू फोनवर म्हणाल्या होत्या. जाऊन बघतो तर कुंतीच्या, म्हणजे कामिनीच्या झुडपांचं कुंपण १२ फूट चढलेलं, खोलीत भरदुपारी दिवा लावलेला.

बाहेरून सगळं हिरवंगार. फांद्या बाजूला सारून डोकं आत घातलं, तर नुसत्या वाळक्या काटक्या. दरवर्षी कोणीतरी येऊन मोठ्या कात्रीने वरवर भादरून जायचं. अशाने कडेला पानांचा दाट पडदा होतो, आत ऊन शिरत नाही आणि आतली पालवी मरते. कुंपण वर फुगतं, पायाशी उघडं पडतं.

"ह्यांनी लावलेली आहे. मरणार नाही ना?" काकूंनी विचारलं. मी एका जाड खोडाची साल नखाने खरवडून दाखवली. खाली ओली हिरवी रेघ होती. कुंती लिंबाच्या कुळातली, जुन्या लाकडावरही तिला डोळे फुटतात. तरीही सगळं एकदम कापायचं नाही. दर तीन खोडांतलं सर्वांत जुनं एक बुडापासून काढायचं, बाकीची पुढच्या दोन पावसाळ्यांत.

दिवसभर करवत चालली. बारीक फांद्यांना सिकेटर, म्हणजे छाटणीची छोटी कात्री. ठेवलेल्या भागाला आकार देताना खाली रुंद, वर निमुळतं केलं, म्हणजे पायालाही ऊन मिळतं. मोठ्या कापांवर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. हे प्लास्टिकच्या बादलीतच कालवावं, लोखंडाच्या नाही.

संध्याकाळी काकू फाटकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्या दोन मोरपंखीही अशाच अर्ध्या करून टाका."

मी नाही म्हणालो. धंद्यात नवा असताना एका सोसायटीतली मोरपंखी मी कुंतीसारखी तोडली होती. दोन वर्षं तिला पाणी घातलं. उघड्या तपकिरी लाकडावर एक कोंब आला नाही. शेवटी मीच ती मुळासकट काढली, आणि ते झाड अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. मोरपंखीला हिरव्या भागातच कात्री लावायची, तीही थोडी थोडी. काकूंना हे पटलं. रस्त्यात येणाऱ्या फांद्या आम्ही सुतळीने आत बांधून घेतल्या.

ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो. कुंतीच्या खुंटांवर बोट बोट लांबीचे फुटवे आले होते. काकूंनी ते मोजून ठेवले होते, एका खुंटावर तर अकरा. चार जोमदार ठेवून बाकीचे काढायला हवे होते. सिकेटर त्यांच्या हातात दिलं, पण त्यांचा हात होईना. मग मीच काढले. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या.