मेलबर्नच्या मातीचा गणपती : माझा अनुभव

मेलबर्नमध्ये भाद्रपद येतो तो हिवाळा सरत असताना, आणि त्यामुळे गणेशोत्सवाची प्रत्येक तयारी थंडी व ओल लक्षात घेऊनच करावी लागते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी होती. घरोघरचे गणपती त्याच दिवशी बसले. मात्र नोकरदारांना आणि शाळकरी मुलांना यायला जमावे म्हणून आमच्या मंडळाचा उत्सव शनिवारी ठेवला होता. त्याची मूर्ती घडवण्याचे काम माझ्याकडे होते.

मूर्ती पेणहूनच मागवावी, असा अनेकांचा आग्रह होता आणि त्यामागची ओढ मलाही कळत होती. परंतु ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. माती, बियाणे, झाडपाला यांवर निर्बंध आहेत, भारतातून पेढेसुद्धा आणता येत नाहीत, आणि कच्च्या मातीची मूर्ती विमानतळावर जाहीर केल्यावर अधिकारी काय ठरवतील याची खात्री नसते. ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करायची ती तपासणीत अडकू नये, यासाठी मी इथल्याच मातीचा पर्याय मांडला. पेणच्या कारखान्यांतली शाडूची मातीही मुख्यतः गुजरातेतून येते, तेव्हा दूरच्या मातीचा गणपती ही आपल्याकडेही नवी गोष्ट नव्हे.

कुंभारकामाच्या दुकानात आपोआप सुकून कडक होणारी मातीही मिळते, पण तिच्यात अनेकदा तंतू आणि चिकट द्रव्ये मिसळलेली असल्याने ती पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून भट्टीत भाजण्यासाठी विकली जाणारी साधी तांबडी माती घेतली आणि ती न भाजता वापरली. घडवणे त्या मानाने सोपे गेले. कस लागला तो सुकवताना. ओलसर हवेत मूर्तीचे पोट आतून दमटच राहते, तर कान, बोटे आणि सोंडेचे टोक लवकर वाळून आक्रसतात व जोडापाशी तडकतात. हीटरजवळ ठेवल्यास हा फरक अधिकच वाढतो. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ केली, कानांना ओलसर फडके गुंडाळले, वरून प्लास्टिकची पिशवी सैल पांघरली आणि ती रोज थोडी थोडी अधिक उघडत नेली. रंग म्हणून गेरू आणि हळद एवढेच वापरले.

दूर्वांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत होता. इथे हिरवळीसाठी लावतात ते ‘काऊच’ गवत म्हणजे आपली हरळीच, पण थंडीत ते पिवळे पडते. एका काकूंनी कुंडीत लावलेली हरळी खिडकीच्या उन्हात जपली होती, त्यातून एकवीस दूर्वांची जुडी निघाली. जास्वंद मिळाली नाही, शेवंती मात्र मुबलक होती.

सभागृहाच्या करारात उघड्या ज्योतीला मनाई होती. धुराचा इशारा देणारी घंटा विनाकारण वाजून अग्निशमन दल आले, तर त्याचा भुर्दंड बसतो, आणि ही काळजी रास्तच आहे. आम्ही व्यवस्थापनाला आरतीचा क्रम लिहून दिला. निरांजन तेवढे आत राहील, त्याच्याजवळ अग्निशामक घेऊन एकजण उभा असेल, कापूर व धूप अंगणात लावला जाईल, असे ठरल्यावर लेखी परवानगी मिळाली. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आत म्हणून मंडळी कापूरआरतीला बाहेर आली, तेव्हा वाऱ्यात ज्योत टिकावी म्हणून मुलांनी ताटाभोवती कडे केले. पुढेही कापूरआरती अंगणातच व्हावी, असे मला मनापासून वाटते.

विसर्जन त्याच अंगणात मोठ्या टबात केले. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी निथळून काढले, खालचा गाळ फडक्यावर घट्ट होऊ दिला आणि ती माती झाकणाच्या बादलीत भरून ठेवली. पुढच्या मूर्तीसाठी तीच मळून घेणार आहोत आणि लागेल तेवढीच नवी माती तिच्यात मिसळणार आहोत.