‘ज्ञ’ची बाराखडी आणि आमचा कॅच-ऑल

बाबांचं नाव ज्ञानेश्वर. मराठी माणसाला यात काही अवघड वाटणार नाही, मलाही कधी वाटलं नव्हतं. पण हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहून त्यापुढे ॲट आणि कंपनीचं डोमेन लावलं की काय काय होतं, ते गेलं वर्षभर बघतेय.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एक्सलो पॉइंटजवळ आमचं शीट मेटलचं वर्कशॉप आहे. इलेक्ट्रिक पॅनेलचे रिकामे डबे, फीडर पिलर, केबल ट्रे अशी कामं. कटिंग-बेंडिंग घरचं, पावडर कोटिंग बाहेरून. मशिनवर बाबा आणि पोरं, आणि काचेच्या केबिनमध्ये मी: कोटेशन, चलन, ई-वे बिल, मेल, आणि मधूनच ‘ताई, ॲडव्हान्स मिळेल का’.

गेल्या पावसाळ्यात गोंद्याच्या एका जुन्या ग्राहकाकडून फोन आला. त्यांचे पर्चेसवाले मूळचे इंदूरचे, मराठी छान बोलतात.

“मॅडम, तुमचा रेट आलाच नाही. शेवटी दुसऱ्याला देऊन टाकलं.”

“कशाचा रेट?”

“चाळीस फीडर पिलर. दोनदा मेल टाकला मी.”

चाळीस! मी इनबॉक्स बघितला, स्पॅम बघितला, कुठेही नाही. मग त्यांनी त्यांच्याकडे परत आलेला मेल मला फॉरवर्ड केला, तेव्हा कळलं. त्यांनी बाबांचं नाव जी-वाय-ए असं लिहिलं होतं. हिंदीत ‘ग्यानेश्वर’च म्हणतात, त्यांचं काय चुकलं? आमच्या पत्त्यात ते डी-एन-वाय-ए आहे. मेल दोन्ही वेळा बाउन्स झाला होता. पण बाउन्सचा मेल असा काही दिसतो, की अर्धं पान इंग्रजी आकडे आणि वर ‘मेल डिलिव्हरी सबसिस्टिम’, की तो कोण वाचतो? मी तरी कुठे वाचत होते?

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते हात पुसत म्हणाले, “त्याने पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं असेल.” बाबांचा हा जुना संशय आहे. कॅपिटल-स्मॉलने व्यवहारात काही फरक पडत नाही, हे मी त्यांना निदान दहा वेळा सांगितलंय.

त्या शनिवारी, आमची सुट्टी असते तेव्हा, मी कॅच-ऑल लावायला बसले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेल पाठवणारा सर्व्हर आपल्या सर्व्हरच्या दारात येतो आणि आधी नुसतं बोलणं होतं. मी अमक्याकडून आलोय, मला तमक्याला भेटायचंय. आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही गेटवरच्या वॉचमनसारखंच. वॉचमनकडे नावांचं रजिस्टर असतं. नाव सापडलं तर तो म्हणतो २५०, म्हणजे या आत. नाही सापडलं तर म्हणतो ५५०, असा कुणी इथे नाही. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हर त्याच्या मालकाला तो बाउन्सचा मेल देतो. कॅच-ऑल लावणं म्हणजे वॉचमनला सांगणं की बाबा रे, रजिस्टर मिटून ठेव, कुणीही कुणाचंही नाव घेऊन आला तरी आत घे आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत बसव.

लावायला पाच मिनिटं लागतात. सी-पॅनेलवाल्या होस्टिंगमध्ये ‘डिफॉल्ट ॲड्रेस’ नावाचं पान असतं, तिथे पत्ता टाकला की झालं. गुगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिन कन्सोलमधून जीमेलच्या ‘डिफॉल्ट राउटिंग’मध्ये नियम करावा लागतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये जरा द्राविडी प्राणायाम आहे, आधी डोमेन ‘इंटर्नल रिले’ करायचं, मग मेल फ्लोचा नियम. आमचं तेव्हा सी-पॅनेल होतं, तेही आठ वर्षांपूर्वी वेबसाइट करून दिलेल्या मुलाने घेऊन दिलेलं.

आणि तिथेच मी पहिली चूक केली. सगळं बाबांच्या जीमेलवर फॉरवर्ड केलं, म्हणजे फोनवर दिसेल. दिसलंही. पण काही मेल गायबच व्हायचे, आणि तेही मोठ्या कंपन्यांचे, बँकेचे. कारण समजायला मला दोन रविवार गेले. मोठ्या कंपन्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, लिहून ठेवतात की आमच्या नावाने फक्त हे-हे सर्व्हर मेल पाठवतील. त्याला एसपीएफ म्हणतात. आमच्या होस्टिंगने तो मेल पुढे ढकलला की जीमेलला तो आमच्या होस्टिंगकडून आलेला दिसतो, आणि आमच्या होस्टिंगचं नाव त्या बँकेच्या यादीत कशाला असेल? डीकेआयएमची सही, म्हणजे मेल खरंच त्या कंपनीचा आहे असं सांगणारी डिजिटल सही, शाबूत राहिली तर मेल तरतो. ती नसेल किंवा वाटेत मोडली, आणि कंपनीने डीमार्कमध्ये, म्हणजे तपासणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या नोंदीत, ‘नाकारा’ लिहून ठेवलं असेल, तर गेला. शिवाय कॅच-ऑलमधला कचराही आपणच जीमेलला पाठवत असतो, त्यामुळे जीमेलच्या नजरेत आपणच स्पॅमवाले ठरतो. तेव्हा कॅच-ऑल लावायचाच तर त्याच डोमेनवर वेगळा मेलबॉक्स करून त्यात टाकावा आणि तिथेच उघडून वाचावा. आमच्या मेलबॉक्सचं नाव मी ‘परात’ ठेवलं. छत गळायला लागलं की आई ठेवायची तशी.

परातीत पहिल्या पंधरवड्यात जे पडलं ते बघून मी थक्क झाले. बाबांच्या नावाचीच पाच रूपं. मग मी वहीत मांडून बघितलं. ‘ज्ञ’ मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, हिंदीवाला जी-वाय, गुजराती जी-एन आणि संस्कृत शिकलेला जे-एन. पुढचा ‘श्व’ कुणी एस-एच-डब्ल्यू, कुणी एस-एच-व्ही, तर कुणी नुसता एस-डब्ल्यू. चार त्रिक बारा. एका नावाची बाराखडी! आणि यात एक ‘ए’ की दोन ‘ए’ हा वाद धरलेलाच नाही. ज्यांच्या घरी विठ्ठल, वैष्णवी, ज्योत्स्ना किंवा हृषीकेश आहेत त्यांनी आपापली वही काढावी.

आणखीही बरंच पडलं. पर्चेस, पर्चेसेस, अकाउंट, अकाउंट्स, सेल. आमच्याकडे इन्फो आणि बाबांचं आणि माझं, इतकेच पत्ते होते. पण लोक अंदाजाने पाठवतात. कंपनी आहे म्हणजे अकाउंट्स असणारच. एका ग्राहकाच्या टीडीएसची सर्टिफिकेटं अकाउंट्सवर यायला लागली, जी मी दर तिमाहीला फोन करून मागत होते. ते म्हणायचे पाठवली, मी म्हणायचे नाही आली, आणि दोघंही खरं बोलत होतो. चाळीस पिलर गेले ते दिसले तरी. न दिसता काय काय गेलं असेल, याचा विचार मी करत नाही.

एक मात्र लक्षात घ्या. कॅच-ऑल ॲटच्या अलीकडचं चुकलेलं पकडतो. पलीकडचं, म्हणजे डोमेनच चुकलं, तर तो मेल आपल्या दाराशी येतच नाही. डॉट इनच्या जागी डॉट कॉम टाकलं तर तो गेला त्या डॉट कॉमवाल्याकडे, नाहीतर हवेत.

परातीत एक पत्ता असा होता की तो बघून मी जरा थांबले. आमचे जुने सुपरवायझर तीन वर्षांपूर्वी सोडून सिन्नरला गेले. त्यांचा मेल आम्ही तेव्हाच बंद केला. आता त्यांच्या नावाने विम्याच्या हप्त्याची नोटीस आली, मग कुठल्याशा ॲपचा ओटीपी. मी फोन केला.

“अहो, तुमचे मेल माझ्याकडे येतायत.”

“ताई, बऱ्याच ठिकाणी तोच पत्ता दिलाय हो मी. बदलायचं राहूनच गेलं.”

म्हणजे मनात आणलं असतं तर मी त्यांचे पासवर्ड रीसेट करू शकले असते. मी नाही करणार, ते त्यांनाही माहीत आहे. पण समजा आम्ही डोमेनचं रिन्यूअल विसरलो, ते सुटलं आणि तिसऱ्याने घेतलं. त्यानेही पहिल्या दिवशी कॅच-ऑल लावला, तर? आमचं जीएसटीचं लॉगिन, बँक, ग्राहकांची व्हेंडर पोर्टलं, सगळ्याची पुढची नोटीस त्याच्या परातीत. त्याच दुपारी मी डोमेनचं पाच वर्षांचं रिन्यूअल भरून टाकलं. वेबसाइटवाल्या मुलाच्या नावावर होतं तेही आमच्या नावावर करून घेतलं. यात त्याची काही लबाडी नव्हती, आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात पूर आला. अक्षरशः. सोमवारी सकाळी परात उघडली तर जॉन, मारिया, टेस्ट, ॲडमिन, एचआर, आणि नुसती मांजर कीबोर्डवरून गेल्यासारखी नावं. स्पॅमवाले नावांची यादी घेऊन दारोदार फिरतात. प्रत्येक नावाला २५० मिळालं की त्यांच्या लेखी ती सगळी माणसं जिवंत. आमच्या वॉचमनने तर कुणालाच नाही म्हटलं नव्हतं. त्यातच आमच्या पत्र्याच्या डीलरच्या नावाने एक मेल: बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा. लोगो बरोबर, भाषा बरोबर, डोमेनमध्ये एक अक्षर जास्त. ऑफिसातल्या मुलाने तो प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवलासुद्धा. आमच्याकडे नियम आहे की खातं बदललं म्हटलं की जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं, म्हणून वाचलो. डीलर फोनवर हसले, मग हसायचे थांबले.

पण मला स्पॅमपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. पुराच्या त्या आठवड्यात मी चार दिवस परात उघडलीच नाही. पाचव्या दिवशी उघडली तर खाली दबलेली एक खरी इन्क्वायरी, मुदत काल संपलेली. आधी निदान बाउन्स तरी जायचा. गोंद्याच्या साहेबांनी वाचला नाही हे खरं, पण दुसरा कुणी वाचून फोन तरी करतो. कॅच-ऑलमध्ये पाठवणाऱ्याला वाटतं पोहोचलं. न वाचलेली परात ही बाउन्सपेक्षा वाईट. बाउन्स तोंडावर नाही म्हणतो.

म्हणून मी कॅच-ऑल बंद केला. सहा आठवडे चालू होता, तेवढ्यात लोक काय-काय चुकतात ते कळलं होतं. मग मेल गुगल वर्कस्पेसवर हलवला आणि खऱ्या मेलमध्ये दिसलेल्या प्रत्येक चुकीचा एलियास केला. एलियास म्हणजे त्याच मेलबॉक्सचं दुसरं नाव, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. एका माणसाला ३० पर्यंत घेता येतात. बाबांना बाराच्या बारा द्यायचा मोह झाला होता, पण प्रत्यक्षात आलेली पाचच दिली. पर्चेस, अकाउंट्स वगैरे माझ्या नावावर. सुपरवायझरांचा पत्ता नाही दिला. त्यांनी महिन्याभरात सगळीकडे बदल केला आणि आता तिथे ५५०.

पोस्टमास्टर आणि अब्यूज हे दोन पत्तेही सुरू ठेवलेत. पोस्टमास्टर असायलाच हवा असं मेलच्या मूळ नियमांतच आहे, आणि अब्यूज, सेल्स, इन्फो, सपोर्ट अशा ठरावीक नावांची यादी १९९७ च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात दिलेली आहे. लोक अंदाजाने पाठवतात ते अगदीच हवेतून नाही.

होस्टिंगवर कॅच-ऑल बंद करताना एक खबरदारी. पर्याय दोन दिसतात: एररसह नाकारा किंवा गुपचूप फेकून द्या. गुपचूप फेकणं कधीच निवडू नका, नाहीतर चाळीस पिलर पुन्हा जातील आणि यावेळी कुणाला बाउन्सही मिळणार नाही. आणि नाकारायचं ते दारातच. आत घेऊन मग परत पाठवलं तर तो बाउन्स स्पॅमवाल्याने ज्याचं नाव चोरलंय त्या बिचाऱ्याकडे जातो आणि काळ्या यादीत आपण जातो.

तरी परात मी मोडीत नाही काढली. नवीन व्हिजिटिंग कार्डं छापली किंवा प्रदर्शनात स्टॉल घेतला की त्यानंतर पंधरा दिवस कॅच-ऑल चालू ठेवते, रोज सकाळी चहाबरोबर वाचते, नवीन चुका एलियासमध्ये टाकते आणि बंद. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या नवी माणसं खूप चौकशी करतायत, म्हणून या महिन्यातही चालू केला होता.

गेल्या मंगळवारी कोइम्बतूरच्या एका सप्लायरचा मेल परातीत सापडला. बाबांचं नाव एन-जे-ए पासून सुरू. माझ्या बाराखडीत हे नव्हतंच. बाबांना बोलावून स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, एकेक अक्षर बोटाने वाचलं.

“हा कोण?”

“तुम्हीच.”

“बरं,” ते म्हणाले, “मग टाक यादीत. आणि त्याला विचार, लॉकचे सॅम्पल कधी पाठवतोय.”