पिशवीएवढं मूळ

वणी-घुग्घुसच्या रस्त्याने जाताना खाणींमागे जे डोंगर दिसतात ते डोंगर नव्हेत. कोळसा गाठण्यासाठी वरची माती-दगड उपसून टाकलेले ते ढिगारे. आम्ही त्यांना ‘ओबी’ (ओव्हरबर्डन) म्हणतो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला अशाच एका ओबीवर रोपांची मोजणी चालली होती. रोपांनी दुसरा पावसाळा काढला होता. रजिस्टरात दोनच रकाने, जिवंत आणि मेलेली. शंभरात नव्वदच्या वर जिवंत भरत होती, म्हणून मी खुशीत.

कमरेएवढ्या एका सिसमाला काठी बांधताना मजूर काकूंनी ते जरा ओढलं, तर मुळ्यासारखं उपटून हातात आलं.

“सायेब, याच्या मुया तं अजून पिशवीतच हायेत!”

प्लॅस्टिकची पिशवी लावतानाच फाडली होती. पण मुळं तिच्याच आकारात गोल गोल फिरली होती, चुंबळीसारखी. म्हणजे दोन पावसाळे हे झाड खड्ड्यातल्या शेणखतावर जगलं. खड्ड्याच्या कडेचा काळपट चुरा पाण्यात कालवून पीएचचा कागद बुडवला. केशरी, चारच्या आसपास, म्हणजे चांगलीच आम्लधर्मी. कोळशालगतच्या दगडात पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. मुळं बाहेर जातील कशाला?

खाण उघडताना वरची सुपीक माती वेगळी राखायची असते. इथेही राखली होती. पण उंच ढीग रचून, वर्षानुवर्षं. तशा ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, मुळांना लागणारी बुरशी मरते. नागपूरजवळ गुमगावच्या मँगनीज खाणीवर ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याची मळी, जिवाणू आणि बुरशी घालून ढिगारे हिरवे केले, हे मी कॉलेजातच शिकलो होतो. शिकलो, आणि इथे येऊन खड्डे मोजत बसलो!

चार पावलांवर गाळ साचलेल्या सपाटीत उन्हाळी नावाची वनस्पती माजली होती. कुणी न लावलेली. खुरप्याने एक उकरली, तर मुळांवर बारीक गाठी. एक नखाने फोडली, आत गुलाबी. नत्र धरायचं काम जोरात चालू होतं. खाली कुजक्या पानांचा बोटभर थर, त्यात मुंग्या. या मातीत कागद पिवळाच राहिला, आम्ल फारसं नव्हतं.

वाळक्या शेंगा रुमालात बांधून परत आलो. तोवर काकूंनी सिसमाची चुंबळ विळ्याने उभी चिरून ते पुन्हा खड्ड्यात बसवलं होतं, वर स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतत होत्या.

“याले जितं लिवता का मेलं?”

त्या ओळीत मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.