प्रागच्या गडावरचा एकलकोंडा सम्राट

पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा रुडॉल्फ याची कारकीर्द (1576 ते 1612) केवळ राजकारणाच्या मापाने मोजली, तर ती फसलेलीच म्हणावी लागते. तुर्कांशी 1593 मध्ये सुरू झालेले युद्ध तेरा वर्षे रेंगाळले आणि अखेरीस धाकटा भाऊ मथियास याने हंगेरी, ऑस्ट्रिया आणि 1611 मध्ये प्राग ज्यात येते तो बोहेमियाही त्याच्याकडून काढून घेतला.

मला मात्र कुतूहल आहे ते त्याच्या दरबाराचे. 1583 मध्ये व्हिएन्ना सोडून प्रागला बिऱ्हाड हलवलेल्या या अबोल माणसाने गडावर चित्रे, घड्याळे, शिंपले आणि दुर्मीळ खनिजे यांचा प्रचंड संग्रह जमवला, किमयागारांना थारा दिला आणि टायको ब्राहे व योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञांना पदरी ठेवले. केप्लरचा पगार सदैव थकलेला असे, हा भाग वेगळा. पण रुडॉल्फच्या नावाचे ग्रहकोष्टक त्यानेच सिद्ध केले, तेही सम्राटाच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, 1627 मध्ये.

आर्चिम्बोल्डो या चित्रकाराने सम्राटाला चक्क फळाफुलांतून घडवले आहे: नाकाच्या जागी नासपती, गालांच्या जागी सफरचंदे, केसांत द्राक्षे आणि कणसे. दुसरा एखादा राजा भडकला असता. हे चित्र आज स्वीडनमध्ये आहे, कारण 1648 मध्ये स्वीडिश सैन्याने प्रागचा गड लुटला तेव्हा त्या संग्रहाचा मोठा भाग उत्तरेकडे गेला.