आडवी रेघ

बुधवारी दुपारी खाद्याच्या मिलमधून आमच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या पिल्लांच्या स्टार्टरचा, म्हणजे पहिल्या दिवसांतल्या खाद्याचा, नमुना आला. एक दिवसाचं पिल्लू साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जंतूच्या बाबतीत फार नाजूक. थोडे जंतू पोटात गेले तरी पुरतात. म्हणून स्टार्टर आलं की मी बाकीची कामं बाजूला सारते. २५ ग्रॅम खाद्य २२५ मिली पेप्टोन पाण्यात, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या द्रवात, कालवलं आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं. कोरड्या खाद्यात हे जंतू महिनोन् महिने तग धरतात, पण अर्धमेले होऊन. त्यांना आधी सावरू द्यावं लागतं. पीसीआर, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी, कितीही झटपट असली तरी ही एक रात्र चुकत नाही.

गुरुवारी सकाळी डीएनए काढून यंत्रात लावला. आम्ही साल्मोनेलाचा इनव्ह-ए हा जीन शोधतो. तो असला की पडद्यावरची रेघ वर चढते. दीड तासाने पडद्यावर रेघ आली, सरळ आडवी. तेवढ्यात मिलच्या सुपरवायझरचा फोन. "मॅडम, गाडी भरून उभी आहे. निगेटिव्ह ना?"

तोंडातून 'हो' निघणारच होतं. पण नजर इंटर्नल कंट्रोलवर, चाचणी नीट चालली का ते दाखवणाऱ्या दुसऱ्या रेघेवर गेली. ती रेघ जंतू असोत-नसोत, वर चढायलाच हवी. आपणच घातलेला डीएनए असतो तो. तीही आडवीच होती. म्हणजे नळीत काही घडलंच नव्हतं. पेंडीतली पॉलिफिनॉल्स, चरबी, असलं काहीतरी डीएनएबरोबर उतरतं आणि एन्झाइमला कामच करू देत नाही. अशा वेळी 'जंतू नाहीत' म्हणणं म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणं.

"गाडी सोडू नका. मला अजून दोन तास द्या."

डीएनएचा अर्क दहापट पातळ केला, म्हणजे अडथळाही पातळ होतो, आणि पुन्हा लावला. यावेळी बाविसाव्या आवर्तनालाच, म्हणजे प्रती वाढवण्याच्या बाविसाव्या फेरीलाच, साल्मोनेलाची रेघ वर उठली. माझ्या पोटात गोळा आला. सकाळी 'हो' म्हटलं असतं तर?

सुपरवायझर मुरलेले होते. म्हणाले, "मॅडम, आमचं पेलेट, दाबून केलेली खाद्याची गोळी, ऐंशी अंशांतून निघतं. तुमचं मशीन मेलेले जंतूपण धरतं म्हणतात." प्रश्न रास्त होता, पीसीआरला मेलेल्याचा डीएनएही चालतो. पण मेलेले जंतू रात्रभरात वाढत नाहीत, आणि इतक्या लवकर चढणारी रेघ वाढ झाल्याशिवाय येत नाही. तरी नुसत्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवावा असं मला वाटत नव्हतं. त्याच पेप्टोनमधून संवर्धनही लावलं, म्हणजे जिवंत जंतू प्लेटवर वाढवून दाखवायला.

शुक्रवारी मी मिलमध्ये गेले. मका, सोया पेंड, फिशमील, सगळ्याचे वेगवेगळे नमुने घेतले. मग त्यांना कूलरचं झाकण उघडायला लावलं. गरम पेलेटची वाफ तिथे थंड होते. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि कडेला खाद्याची धूळ भिजून बोटभर जाड थर जमला होता. काळपट, आंबूस वासाचा. बोळा फिरवला तर चिखलासारखा माखून निघाला. उष्णतेने मारलेलं सगळं खाली येताना याच थराखालून जात होतं.

सोमवारी सकाळी सुपरवायझर स्वतः आले. एक्सएलडी या साल्मोनेला ओळखायच्या माध्यमाच्या लालसर प्लेटवर काळ्या बुबुळांच्या वसाहती दाटल्या होत्या, साल्मोनेलाची ओळखीची खूण. एक प्लेट खाद्याची, एक कूलरच्या बोळ्याची. त्यांनी दोन्ही उजेडाकडे धरल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे सगळं त्या झाकणातलं?" त्या तिन्ही कच्च्या मालांचे पीसीआर नमुने निगेटिव्ह निघाले होते, इंटर्नल कंट्रोल नीट चढून. थेट पुरावा नव्हे, माल एकसारखा नसतो. पण बोट कूलरकडेच जात होतं.

भरलेली गाडी रिकामी झाली. कूलर उघडून, खरवडून, धुऊन पूर्ण वाळवला, वाफ बाहेर काढणारा पंखा दुरुस्त केला. पुढच्या आठवड्यात सलग तीन दिवस नमुने आले. तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर साल्मोनेलाची रेघ आडवी होती आणि तिच्यावरून इंटर्नल कंट्रोलची रेघ झोकात वर चढलेली होती. मी दोन्ही पुन्हा एकदा पाहिल्या, मग फोन उचलला.

"भरा गाडी."