महामार्ग क्रमांकांची पडताळणी: मुख्य मार्ग झाले, आता तीन आकडी

ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर महाराष्ट्रातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक तपासण्याचं काम आठ दोन आकडी मार्गांपुरतं उरकलं आहे. ४४, ४८, ५२, ५३, ६०, ६१, ६५ आणि ६६ यांची रिलेशन्स (एका मार्गाचे सगळे तुकडे एकत्र बांधणाऱ्या नोंदी) राज्याच्या हद्दीत सलग झाली. पुढे हात घालणाऱ्यांसाठी, काय अडतं आणि का, ते इथे मांडतो.

२०१० च्या नव्या क्रमांकनात उत्तर-दक्षिण मार्गांना सम आकडे आहेत आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम आकडे आहेत आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून नागपूरवरून जाणारा ४४ आणि कोकणातला ६६. धुळे-नागपूरच्या पट्ट्यात ५३, माळशेज घाटातून ६१, सोलापूरवरून ६५. फार सुंदर रचना आहे ही. नुसत्या आकड्यावरून रस्ता कुठल्या पट्ट्यात असेल याचा अंदाज येतो.

जुने क्रमांक शोधून सरसकट नवे टाकायचा मोह मात्र आवरा. जुन्या १७ चा ६६ झाला, पुणे-नाशिकच्या ५० चा ६० झाला, इतपत सरळ आहे. पण जुना ३ इंदूरकडून धुळ्यापर्यंत आता ५२ आहे, धुळे ते नाशिक ६० आणि तिथून ठाण्याकडे आणखी वेगळा. उलट बाजूने पाहिलं तर आजचा ५२ आपल्या राज्यात तीन जुन्या मार्गांच्या तुकड्यांतून जुळला आहे: धुळ्याच्या उत्तरेला ३, धुळे-सोलापूर २११ आणि सोलापूरच्या दक्षिणेला १३. त्यामुळे बदल तुकड्या-तुकड्यानेच करायचा आणि जुना क्रमांक पुसून न टाकता ‘ओल्ड रेफ’ या जुन्या क्रमांकाच्या रकान्यात ठेवायचा. जुने दगड आणि दुकानांच्या पाट्या अजून त्याच नावाने बोलतात, शोधणारेही तेच टाकतात.

आता तीन आकडी. शेवटचे दोन आकडे मुख्य मार्गाचे, पहिला आकडा फाट्याचा. १६६ हा ६६ चा फाटा, ९६५ हा ६५ चा. सम-विषमचा दिशानियम इथे लावायचा नाही: रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा १६६ सरळ पूर्वेला जातो, तरी आकडा सम. पहिला आकडा साधारणपणे मुख्य मार्गाच्या कडेने वाढत जातो. ६६ वर १६६ महाराष्ट्रात, ५६६ गोव्यात, ७६६ आणि ९६६ केरळात. ६५ वर १६५ आंध्रात, ९६५ पुण्याकडे. पण हा कल आहे, पुरावा नव्हे. ४८ चा ७४८ हा फाटा बेळगाव-पणजी असताना पेठमार्गे नाशिकला येणारा ८४८ त्याच्या कितीतरी उत्तरेला आहे. अक्षरांवरही विसंबू नका. १६६ए म्हणजे वडखळ-अलिबाग. १६६ पासून तो पार दूर.

सर्वांत जास्त गडबड सामाईक तुकड्यांवर होते. १६६ रत्नागिरीकडून येऊन हातखंब्याला ६६ ला मिळतो आणि पालीला त्यातून सुटून नाणीज-साखरप्याकडे वळतो. हातखंबा-पाली हा तुकडा दोन्ही रिलेशन्समध्ये हवा आणि ‘रेफ’ या चालू क्रमांकाच्या रकान्यात दोन्ही क्रमांक अर्धविरामाने वेगळे करून हवेत. कोणीतरी एक क्रमांक काढला की १६६ मधोमध तुटतो. दुसरं कारण उड्डाणपूल: नवा पूल काढताना रस्ता कापला जातो आणि मधला तुकडा रिलेशनबाहेर राहतो. जोसम या नकाशा-संपादनाच्या प्रोग्राममध्ये रिलेशनच्या सदस्यांची, म्हणजे तुकड्यांची, यादी क्रमाने लावली की खंड लगेच दिसतो. दुभाजक असलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजू वेगळ्या तपासा. संगमनेर, नारायणगाव यांसारख्या ठिकाणी बाह्यवळण आल्यावर ६० तिकडे न्यायचा आणि गावातल्या जुन्या रस्त्याचा दर्जा जागेवरच्या पाटीवरून ठरवायचा.

पुराव्यासाठी किलोमीटरचा दगड उत्तम. पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्गाचं, हिरवं राज्यमार्गाचं. पण बढती मिळालेल्या रस्त्यावर हिरवे दगड कितीतरी काळ तसेच राहतात, आणि पिवळ्यावरचा आकडाही जुन्या आरंभबिंदूपासूनचा असू शकतो. म्हणून दगडाचा फोटो आणि राजपत्रातलं वर्णन दोन्ही जुळल्यावरच क्रमांक बदला. वर्णनात मार्ग ‘अमुक महामार्गाच्या जंक्शनपासून’ सुरू होतो, तेव्हा आधी ते जंक्शन नकाशावर पक्कं करा. गूगलच्या नकाशावरून उतरवलेलं काही चालणार नाही.

राज्यमार्गाच्या खालचा थर अजून कच्चा आहे. प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), इजिमा (इतर जिल्हा मार्ग) आणि ग्रामा (ग्रामीण मार्ग) यांचे क्रमांक जिल्ह्यागणिक पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यामुळे नुसतं ‘प्रजिमा १२’ लिहून भागत नाही. जिल्हा सोबत हवाच. बांधकाम विभागाच्या कामाच्या फलकावर ‘सा.क्र. १२/५००’ असं दिसलं तर तो साखळी क्रमांक आहे, म्हणजे १२ किलोमीटर ५०० मीटर. तो रस्त्याचा क्रमांक समजून ‘रेफ’मध्ये भरू नये.

पुढचा हप्ता पालखी मार्गांचा: हडपसर-सासवड-जेजुरी-फलटणचा ९६५ आणि पाटस-बारामती-इंदापूरचा ९६५जी. रुंदीकरणानंतरचे दोन्ही बाजूंच्या पाट्यांचे फोटो असतील तर जंक्शनच्या नावासह द्या.