आमची वाटचाल : कृष्णधवल रोलच्या सोबतीने

आमच्या डार्करूमची सुरुवात सर्व प्रकारचे रोल डेव्हलप करण्यापासून झाली. पुढे रंगीत काम थांबवून आम्ही केवळ कृष्णधवल फिल्म, त्यातही कोणालाही उभे न करता, चालता-बोलता टिपलेली छायाचित्रे, हेच आमचे क्षेत्र मानले. व्यवसायाच्या दृष्टीने तो धाडसी निर्णय होता; परंतु जाणत्या हाताची गरज याच छायाचित्रांना सर्वाधिक असते, अशी आमची खात्री झाली होती.

अशा छायाचित्रकाराला फोकस जुळवत बसण्याची सवड नसते. अनेकजण ३५ मिलिमीटरची लेन्स एफ/८ या अ‍ॅपर्चरवर (प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या मापावर) ठेवून फोकस ३ मीटरवर कायम करतात, म्हणजे साधारण २ ते ७ मीटरच्या टप्प्यातील सारे पुरेसे स्पष्ट येते आणि लक्ष समोरच्या माणसांवर राहते. उजेड उतरला की शटर मंदावते, हात हलतो, चालणाऱ्याची आकृती विरते. तपशील जातो, पण त्या क्षणाची घाई फिल्मवर उमटते. रंग नसल्यामुळे डोळा कपड्यांच्या छटांत न अडकता मानेचा बाक, उगारलेला हात, काळोखातून उजळलेला अर्धा चेहरा यांकडे वळतो. जपानमध्ये १९६८ साली निघालेल्या ‘प्रोव्होक’ या नियतकालिकाच्या छायाचित्रकारांनी खरखरीत, हललेल्या, फोकस सुटलेल्या प्रतिमा हेतुपुरस्सर स्वीकारल्या. आमच्या कामाची दिशा ठरवताना त्या प्रतिमांचा मोठा आधार वाटला.

म्हणूनच प्रत्येक रोलसोबत तो कोणत्या उजेडात आणि किती आयएसओ (फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) धरून टिपला, याची नोंद आम्ही आग्रहाने मागतो. ४०० आयएसओची एचपी५ प्लस ही फिल्म १६०० वर टिपली असेल, तर मूळ तीव्रतेच्या आयडी-११ या डेव्हलप करण्याच्या रसायनात २० अंश सेल्सिअसला साडेसातऐवजी १४ मिनिटे द्यावी लागतात. असा रोल पुश केल्याने, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप केल्याने, कॉन्ट्रास्ट (काळ्या-पांढऱ्यातील फरक) वाढतो आणि ग्रेन (प्रतिमेतील दाणे) ठळक होतो. सावल्यांत जे नोंदलेच गेले नाही ते मात्र परत येत नाही. प्रिंट करताना त्या सावल्या ओढूनताणून उजळ करणे आम्हाला मान्य नाही, कारण तो काळोख छायाचित्रकाराने पाहिलेल्या दृश्याचाच भाग असतो.

प्रत्येक रोलची कॉन्टॅक्ट शीटही, म्हणजे सर्व फ्रेम मूळ आकारात एकत्र छापलेला कागद, आम्ही देतो. छायाचित्रकार कोठे थांबला, कोठे दोन पावले पुढे सरकला, कोठे अधीर झाला, हे सलग ३६ फ्रेममध्ये वाचता येते. प्रिंटसाठी बहुधा सर्वांत स्पष्ट फ्रेमवर खूण केलेली असते. शेजारच्या हललेल्या फ्रेममध्ये अधिक जीव दिसला, तर तिचा लहान प्रिंट आम्ही वेगळी आकारणी न करता सोबत ठेवतो.